एका कॅमेऱ्याचे चित्र चार पडद्यांवर: कंपोझिट व्हिडिओ वाटून घेण्याविषयी

पंचवटीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पंचवटीत आमच्या आळीत एक जुने, लहान देवालय आहे. गाभाऱ्यासमोर जेमतेम पंधरा माणसे उभी राहू शकतात, आणि कार्तिकातल्या काकड आरतीला मात्र गंगेवरून (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) स्नान करून परस्पर येणारी धरून दीडदोनशे माणसे जमतात. त्यासाठी गाभाऱ्याच्या चौकटीवर एक जुना सीसीटीव्ही कॅमेरा बसवला आहे, आणि त्याचे चित्र चार ठिकाणी दाखवायचे आहे: सभामंडपात व ओसरीवर पिक्चर ट्यूबचे दोन जुने टीव्ही, माडीवर एक एलसीडी टीव्ही, आणि गल्लीपलीकडच्या धर्मशाळेच्या दालनात एक प्रोजेक्टर. केबलची लांबी अनुक्रमे ८, १२, ३० आणि ५५ मीटर भरते. सगळे साहित्य देणगीत आलेले असल्यामुळे कृपया "हे सगळे टाकून नवे घ्या" असे सुचवू नये.

कॅमेऱ्याला थेट एकच टीव्ही जोडला की चित्र उत्तम दिसते. वाय पिन (एका तोंडाची दोन तोंडे करणारी पिन) लावून दुसरा जोडला की दोन्हींवरचे चित्र किंचित मंद होते. दुसरी वाय पिन खोचून तिसरा जोडला की मूर्तीवरचा शेंदूर मातकट दिसू लागतो. चौथा जोडताच प्रोजेक्टरवरचे चित्र वरच्या कडेला वाकडे होऊन खाली घसरू लागते. आवाज मात्र अशाच वाय पिना लावून चारही ठिकाणी व्यवस्थित पोहोचतो, आणि नेमके हेच मला समजत नाही. एका दुकानदाराने कॅमेरा कमजोर असल्याचे सांगून नवा घेण्याचा सल्ला दिला. तो घ्यावा का?

तारयंत्र

कॅमेरा घेऊ नका. आपला कॅमेरा ठणठणीत आहे. चूक जोडणीत आहे.

कंपोझिट व्हिडिओ, म्हणजे उजेड, रंग आणि सिंक हे सगळे एकाच तारेतून नेणारे चित्र, बाहेर देणारे प्रत्येक उपकरण आपल्यापुढे ७५ ओहमचा एकच भार आहे असे धरून बनवलेले असते. कॅमेऱ्याच्या आत सुमारे २ व्होल्टची लहर तयार होते, ती ७५ ओहमच्या रोधातून बाहेर पडते, केबलही ७५ ओहमची असते, आणि टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटच्या आत जमिनीकडे जोडलेला आणखी एक ७५ ओहमचा रोध असतो. दोन्ही रोध सारखे असल्यामुळे व्होल्टेजची बरोबर निम्मी वाटणी होते आणि टीव्हीला १ व्होल्ट मिळतो. त्यातला तळचा ०.३ व्होल्ट सिंकचा, म्हणजे ओळ कुठे सुरू करायची आणि चित्र कुठून सुरू करायचे हे सांगणारा, वरचा ०.७ व्होल्ट चित्राचा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा.

आता वाय पिन लावून दुसरा टीव्ही जोडला की ७५ ओहमचे दोन रोध समांतर येतात, त्यांचे मिळून ३७.५ ओहम होतात, आणि प्रत्येक टीव्हीला १ व्होल्टऐवजी ०.६७ व्होल्ट मिळतो. तिसरा जोडल्यावर ०.५ उरतो आणि चौथा जोडल्यावर ०.४. म्हणजे चौथ्या वेळी सिंकच्या वाट्याला केवळ ०.१२ व्होल्ट येतो. त्यातही प्रोजेक्टरपर्यंत ५५ मीटर केबल आहे. ओळीची सुरुवातच सापडत नसेल तर चित्र वाकडे होऊन घसरणारच.

आवाजाचे गणित निराळे आहे. अँप्लिफायरच्या इनपुटचा रोध १० हजार ओहम किंवा त्याहून जास्त असतो, आणि आवाज देणाऱ्या उपकरणाचा आतला रोध काही शे ओहमांचा. त्यामुळे चार अँप्लिफायर जोडले तरी त्याच्यावर फारसा ताण येत नाही. शिवाय ऐकू येणारा सर्वांत तीव्र स्वर २० किलोहर्ट्झचा धरला, तर केबलमध्ये त्याची एक लहर सुमारे १० किलोमीटर लांब असते. तिला आपली ५५ मीटर केबल जाणवतसुद्धा नाही. व्हिडिओतील ५ मेगाहर्ट्झच्या बारकाव्यांची लहर केवळ ४० मीटरची असते, म्हणजे आपल्या धर्मशाळेच्या केबलपेक्षाही आखूड. अशा वेळी केबलला नुसती तार न समजता तिच्या दोन्ही टोकांना काय जोडले आहे याचा विचार करावा लागतो.

सातपूरचा फिटर

तारयंत्र यांचे गणित बरोबर असेलच, परंतु आमच्या कारखान्याच्या उपाहारगृहात एकाच डीव्हीडी प्लेअरवर वाय पिना लावलेले तीन टीव्ही गेली कित्येक वर्षे चालू आहेत आणि कोणाची तक्रार नाही. मग ते कसे चालतात?

तारयंत्र

फिटरसाहेब, आपले निरीक्षण खोटे नाही. अनेक टीव्ही येणाऱ्या सिंकची उंची मोजून, ती कमी भरली तर संपूर्ण लहर आतल्या आत वाढवून घेतात. ०.५ व्होल्टपर्यंत अशी सारवासारव बऱ्यापैकी जमते, आणि उपाहारगृहात जेवता जेवता क्रिकेट पाहणाऱ्याला छटांमधला फरक जाणवत नाही. परंतु लहरीबरोबर खरखरही वाढते, आणि जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत ही सोय असेलच असे नाही. चालते आणि बरोबर आहे या दोहोंत नेमका शेंदूर आणि माती यांच्याइतका फरक आहे.

गंगापूर रोड

इतका खटाटोप कशाला? डिश टीव्हीचा किंवा केबलवाल्याचा चार तोंडी स्प्लिटर पन्नास-शंभर रुपयांत मिळतो. कॅमेऱ्याच्या केबलला बीएनसीऐवजी (फिरवून अडकवायच्या गोल कनेक्टरऐवजी) डिशच्या केबलचा एफ कनेक्टर लावावा, काम झाले.

जुना केबलवाला

गंगापूर रोड, असे मुळीच करू नये. मी नाशिकमध्ये केबल डिजिटल होण्याच्या आधीपासून, म्हणजे २०१३ मध्ये सेट-टॉप बॉक्सची सक्ती येण्यापूर्वीपासून, खांबांवर चढलेला माणूस आहे आणि ही चूक मी अनेकांना करताना पाहिली आहे. तो स्प्लिटर उघडून पाहिला तर आत फेराइटच्या चिमुकल्या मण्यांवर गुंडाळलेली दोनचार वेढ्यांची तार दिसेल. डबीवर "५ ते १००० मेगाहर्ट्झ" असे छापलेले असते, आणि त्याचा अर्थ अक्षरशः तोच आहे. कॅमेऱ्याची कंपोझिट लहर जवळजवळ शून्यापासून सुरू होऊन ५ मेगाहर्ट्झपाशी संपते. म्हणजे जिथे स्प्लिटरचे काम सुरू होते तिथे आपले चित्र संपलेले असते. पडद्यावर काहीही येणार नाही.

स्प्लिटर वापरायचाच असेल तर आधी मॉड्युलेटर लावावा लागतो, म्हणजे कॅमेऱ्याचे चित्र एखाद्या रिकाम्या चॅनेलवर चढवावे लागते. मग ते आपल्या जुन्या केबलसारखे कितीही घरांत नेता येते. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये सुमारे ३.५ डेसिबल आणि चार तोंडांच्या स्प्लिटरमध्ये सुमारे ७ डेसिबल घट होते, ती धरून मॉड्युलेटरची ताकद ठरवायची. टीव्हीच्या तोंडाशी ६० ते ८० डेसिबल मायक्रोव्होल्ट मिळाले की चित्र स्वच्छ येते. पन्नास खोल्यांच्या लॉजसाठी मी हाच मार्ग सांगितला असता. परंतु पंचवटीकरांच्या प्रोजेक्टरला चॅनेल पकडणारा ट्यूनर नसणार, आणि चढवून उतरवण्यात चित्राचा थोडा साजही जातो. चार पडद्यांसाठी तारयंत्र यांच्याच वाटेने जावे.

पंचवटीकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. कॅमेरा घेण्याचा विचार सोडून दिला. आणखी एक गोष्ट ध्यानात आली ती सांगतो. काल मी केवळ सभामंडपातला आणि माडीवरचा असे दोनच टीव्ही वाय पिनेने जोडले होते. रात्री एका सेवेकऱ्याने माडीवरच्या टीव्हीची पिन काढून केबल तशीच खुंटीला टांगून ठेवली. एक टीव्ही कमी झाल्यामुळे सभामंडपातले चित्र सुधारायला हवे होते. ते पहिल्यापेक्षा उजळ तर झाले, परंतु समईच्या प्रत्येक कडेला उजवीकडे एक फिकट दुसरी कड दिसू लागली. माडीवरची पिन परत खोचली की ती जाते. टीव्ही नुसता बंद ठेवला आणि पिन तशीच राहू दिली तर मात्र काही होत नाही.

तारयंत्र

फार सुरेख निरीक्षण आहे. टीव्ही बंद असला तरी त्याच्या आतला ७५ ओहमचा रोध बहुतेक वेळा जागेवरच असतो, त्यामुळे केबलच्या टोकाशी पोहोचलेली लहर तिथे जिरते. पिन काढली की टोक उघडे पडते, लहर तिथे आपटून परत फिरते, वाय पिनेपर्यंत येते आणि तिथून सभामंडपातल्या टीव्हीत शिरते. आपल्या मूळ चित्राच्या मागून, थोड्या उशिरा.

उशीर किती, हे पट्टीने मोजता येते. भरीव पॉलिथिनच्या केबलमध्ये लहर प्रकाशाच्या सुमारे दोन तृतीयांश वेगाने, म्हणजे एका नॅनोसेकंदात २० सेंटिमीटर धावते. माडीची केबल ३० मीटर असल्यामुळे जाऊन येण्याचे अंतर ६० मीटर आणि वेळ ३०० नॅनोसेकंद. आपल्या पाल पद्धतीत (आपल्याकडच्या कंपोझिट रंगीत चित्राच्या पद्धतीत) एका ओळीचा दिसणारा भाग ५२ मायक्रोसेकंदांत रेखाटला जातो. सभामंडपातला टीव्ही २१ इंची असेल तर पडद्याची रुंदी साधारण ४० सेंटिमीटर. म्हणजे ती फिकट कड मूळ कडेपासून सुमारे सव्वादोन मिलिमीटर उजवीकडे असली पाहिजे. सवड झाल्यास मोजून पाहावे.

यावरून दुसरी जोडणीही सांगून ठेवतो. व्यावसायिक मॉनिटरच्या पाठीमागे एकमेकांना आतून जोडलेली दोन बीएनसी सॉकेट आणि शेजारी ७५ ओहमचे बटण असते. तिथे एका मॉनिटरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी माळ ओवायची आणि केवळ शेवटच्या मॉनिटरचे बटण ७५ ओहमवर ठेवायचे. मधल्यांचे इनपुट तेव्हा फक्त डोकावून पाहतात, भार टाकत नाहीत. चार काय, सहा मॉनिटरही असे नीट चालतात. परंतु घरगुती टीव्हीत ते बटण नसते, रोध कायमचा बसवलेला असतो. काही टीव्हींना "एव्ही आउट" असते, पण तो टीव्ही बंद केला की बहुधा पुढच्या सगळ्यांचे चित्र जाते. काकड आरतीच्या वेळी ओसरीवरच्या टीव्हीचे बटण कोणाच्या हाती पडेल याचा भरवसा नसल्यामुळे हा मार्ग आपल्यासाठी नाही.

आपल्याला हवा आहे व्हिडिओ डिस्ट्रिब्युशन अँप्लिफायर. त्याच्या इनपुटला एकच ७५ ओहमचा रोध असतो, त्यामुळे कॅमेऱ्याला वाटते की आपल्यापुढे एकच टीव्ही आहे. आत लहर दुप्पट केली जाते, आणि मग प्रत्येक आउटपुटला स्वतंत्र ७५ ओहमचा रोध देऊन ती बाहेर काढली जाते. प्रत्येक टीव्हीपाशी दुपटीची पुन्हा निम्मी होऊन बरोबर १ व्होल्ट उरतो. अँप्लिफायरची मुळातली बाजू भक्कम असल्यामुळे एका आउटपुटची पिन काढली, किंवा कोणी चुकून शॉर्ट केली, तरी उरलेल्या तिघांना त्याची गंधवार्ता नसते.

गंगापूर रोड

स्प्लिटरबाबत मी चुकलो, मान्य. परंतु हा अँप्लिफायर घरी करता येईल का? माझ्याकडे कॉलेजच्या दिवसांतल्या ७४१ आयसींची (साध्या अँप्लिफायरच्या चिपांची) एक अख्खी नळी पडून आहे.

तारयंत्र

ती नळी तशीच राहू द्यावी. ७४१ चे आउटपुट एका मायक्रोसेकंदात फार तर अर्धा व्होल्ट चढू-उतरू शकते. पालमधील रंगाची वाहक लहर ४.४३ मेगाहर्ट्झची असते, आणि तिच्याबरोबर धावायला याच्या कित्येक पट चपळाई लागते. चित्र आलेच तर काळेपांढरे आणि शेवाळल्यासारखे येईल. एडी ८११ सारखा खास व्हिडिओसाठी बनवलेला आयसी घ्यावा. तो करंट फीडबॅक जातीचा असल्यामुळे फीडबॅकचा रोध डेटाशीटमध्ये सांगितलेल्या किमतीचाच लावावा आणि त्याला समांतर कपॅसिटर लावू नये, नाहीतर तो स्वतःच गुणगुणू लागतो. प्रत्येक आउटपुटचा ७५ आणि टीव्हीतला ७५ मिळून १५० ओहम, असे चार समांतर म्हणजे ३७.५ ओहमचा भार, आणि त्यावर २ व्होल्ट म्हणजे साधारण ५३ मिलिअँपिअर. तेवढे तो सहज देतो. परंतु पंचवटीकरांना आरती गाठायची आहे, त्यांनी तयार डबी घ्यावी हे बरे.

जुना केबलवाला

केबलविषयी कोणी बोललेच नाही म्हणून मी बोलतो. पंचवटीकर, आपल्या चारही केबलींची टोके सोलून मधल्या तारेला चुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटला तर ती तार तांब्याची नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहे. डिशसाठी विकली जाणारी आरजी-६ बहुतांशी अशीच असते, आणि डिशच्या कामाला ती उत्तम असते, कारण शेकडो मेगाहर्ट्झचा प्रवाह तारेच्या केवळ सालीतून वाहतो आणि साल तांब्याची आहे. कंपोझिट व्हिडिओचा तळ मात्र ५० हर्ट्झच्याही खाली आहे. तो संपूर्ण तारेतून वाहतो, आणि पोलादाचा रोध तांब्याच्या कित्येक पट असल्यामुळे चित्राचा उजेड-अंधार लांब केबलमध्ये मार खातो. भरीव तांब्याची आरजी-५९ घ्यावी. जुन्या संगणकांच्या नेटवर्कची आरजी-५८ कोणी फुकट देऊ केली तर घेऊ नये, ती ५० ओहमची असते. बीएनसीची पिन दोन्हींना सारखीच दिसते, त्यामुळे भले भले फसतात.

गल्ली ओलांडताना केबल तिच्या स्वतःच्या वजनावर टांगू नये. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारेला बांधून न्यावी, आणि भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोलाच्या तळाशी गळून जाते आणि कनेक्टरमध्ये उतरत नाही.

पंचवटीकर (धागाकर्ता)

आठवडाभराने लिहीत आहे. महात्मा गांधी रोडवर तीन दुकाने पालथी घातली. पहिल्या दोन ठिकाणी "व्हिडिओ वाटणारी डबी" म्हटल्याबरोबर एचडीएमआयचा स्प्लिटर पुढे ठेवण्यात आला. तिसऱ्या ठिकाणी एका वयस्कर गृहस्थांनी माळ्यावर चढून धुळीने माखलेली, एक इनपुट व आठ आउटपुट असलेली बीएनसीची डबी काढून दिली आणि "आता हे कोण विचारतो" असे म्हणून किंमतही कमी लावली.

चुंबकाची परीक्षा घेतली. तीन केबली तांब्याच्या निघाल्या. धर्मशाळेच्या ५५ मीटरच्या केबलला मात्र चुंबक असा चिकटला की हलवून सोडवावा लागला. ती बदलली. समईच्या कडेपासूनचे अंतरही डबी लावण्यापूर्वी, त्या जुन्या जोडणीवर माडीची पिन काढून, पट्टी धरून मोजले: दोन मिलिमीटर आणि थोडे जास्त. तारयंत्र, आपल्याला मनापासून दंडवत.

आता सभामंडप, ओसरी आणि माडी या तिन्ही ठिकाणी चित्र असे आहे की निरांजनाची ज्योत वेगळी ओळखू येते. परंतु धर्मशाळेतल्या प्रोजेक्टरवर नवीनच भानगड उभी राहिली आहे. चित्र उजळ आहे, घसरत नाही, मात्र एक रुंद, धूसर आडवी पट्टी संपूर्ण पडद्यावरून हळूहळू सरकत जाते. मी घड्याळ लावले. कधी पंधरा, तर कधी पंचवीस सेकंदांत एक फेरी होते. नवी केबलही वाईट निघाली का?

सातपूरचा फिटर

या वेळी मी सांगतो, कारण हा विषय व्हिडिओचा नसून विजेचा आहे, आणि मी रोज तोच निस्तरतो. माझा अंदाज असा की धर्मशाळेचे मीटर वेगळे आहे, तिचे अर्थिंगही वेगळे आहे, आणि प्रोजेक्टरचा प्लग तीन पिनांचा आहे. देवळाच्या बाजूला आपली ध्वनियंत्रणा तीन पिनांची असणार, आणि आवाजाच्या पिनांमधून तिची अर्थ कॅमेऱ्याच्या केबलच्या बाहेरच्या धातूच्या जाळीशी जोडली गेली असणार. जमिनीत पुरलेल्या दोन पट्ट्यांच्या पातळीत थोडा फरक असतोच. आपण केबलच्या जाळीने त्या एकमेकींना जोडल्यावर जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो आणि जाळीच्या रोधामुळे निर्माण होणारे व्होल्टेज चित्रात मिसळते.

पट्टी का सरकते तेही पाहावे. कॅमेरा दर सेकंदाला ५० फील्ड (फील्ड म्हणजे एकआड एक ओळींचे अर्धे चित्र) आपल्या स्फटिकाच्या ठोक्यावर पाठवतो. आपल्या ग्रिडची वारंवारता मात्र बरोबर ५० वर बसून राहत नाही, ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ ही तिची परवानगी असलेली मर्यादा आहे. दोहोंतला फरक ०.०५ हर्ट्झ असेल तर पट्टीची एक फेरी वीस सेकंदांत होते. आपली पंधरा ते पंचवीस सेकंदे याच हिशेबात बसतात. थोडक्यात, धर्मशाळेच्या भिंतीवर आपण ग्रिडची तब्येत पाहत आहात.

खात्रीसाठी: प्रोजेक्टरपाशी बीएनसी काढून घ्यावी, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवावा, एक काडी केबलच्या बाहेरच्या धातूला आणि दुसरी प्रोजेक्टरच्या सॉकेटच्या बाहेरच्या धातूला लावावी. काड्यांच्या धातूला हात लावू नये. आकडा दोनचार व्होल्टांऐवजी मोठा आला तर पिन परत न जोडता आधी वायरमनला बोलवावे.

आणि कृपा करून प्रोजेक्टरच्या प्लगची अर्थ पिन तोडू नये. पट्टी त्याने जाईल, पण उद्या आत काही बिघडले तर प्रोजेक्टरचा पत्रा जिवंत होईल आणि त्याला हात लावणारा एखादा सेवेकरी असेल.

पंचवटीकर (धागाकर्ता)

२.३ व्होल्ट. अर्थ पिन तोडण्याचा सल्ला मला कालच एका ओळखीच्या मंडपवाल्याने दिला होता, आणि पकड मी पिशवीत टाकलीही होती.

तारयंत्र

फिटरसाहेबांनी माझे काम वाचवले. उपाय म्हणून व्हिडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, ज्याला दुकानात ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणतात, तो प्रोजेक्टरच्या टोकाला लावावा. दोन्हीकडे बीएनसी असलेली बोटाएवढी नळी असते, वीज लागत नाही. त्यात चित्र चुंबकीय मार्गाने पलीकडे जाते आणि दोन्ही बाजूंच्या जाळ्यांचा एकमेकींशी धातूचा संबंध राहत नाही. घेताना ती कंपोझिट व्हिडिओसाठी आहे याची खात्री करावी. गाडीतल्या आवाजासाठी मिळणारे आयसोलेटर दिसायला तसेच असतात, पण व्हिडिओला कुचकामी असतात.

सिन्नर फाटा

धागा फार उपयोगी आहे. माझा प्रश्न जवळचाच आहे. शिकवणी वर्गात एका संगणकाचे व्हीजीए (मॉनिटरच्या जुन्या जोडणीवरचे चित्र) दोन मॉनिटरना द्यायचे आहे. तिथेही ७५ ओहमचेच गणित लागू होते का?

तारयंत्र

होय, आणि अधिक कडकपणे. व्हीजीएमध्ये लाल, हिरवा आणि निळा अशा तीन स्वतंत्र लहरी प्रत्येकी ०.७ व्होल्टच्या असतात, प्रत्येकीला ७५ ओहमचा शेवट लागतो, आणि सिंक निराळ्या दोन पिनांवरून जाते. १०२४ गुणिले ७६८ चे चित्र ६० हर्ट्झवर असेल तर बिंदूंचा ठोका ६५ मेगाहर्ट्झचा होतो. कंपोझिटच्या ५ मेगाहर्ट्झपुढे हे पाहिल्यावर लांब व्हीजीए केबलमध्ये अक्षरांना सावल्या का येतात ते समजेल. बाहेरून वीज घेणारा स्प्लिटरच घ्यावा. मॉनिटरची ओळख सांगणाऱ्या पिना सहसा स्प्लिटरच्या पहिल्या आउटपुटलाच जोडलेल्या असतात, म्हणून कमी क्षमतेचा मॉनिटर तिथे लावावा. नाहीतर संगणक मोठ्या मॉनिटरला झेपेल असे चित्र पाठवतो आणि छोटा मॉनिटर काळा राहतो.

पंचवटीकर (धागाकर्ता)

आयसोलेटर लावला, पट्टी गेली. आज पहाटे पहिली काकड आरती चारही पडद्यांवर दिसली.

एक गंमत नोंदवतो. ओसरीच्या दारात उभे राहिले की ओसरीवरचा पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणि जिन्याच्या फटीतून माडीवरचा एलसीडी असे दोन्ही एकाच वेळी दिसतात. गुरुजी घंटा हलवतात तेव्हा ओसरीवरची घंटा आवाजाबरोबर हलते आणि माडीवरची किंचित मागाहून. माडीवर बसलेल्या एका आजींनी "वरचा देव जरा उशिरा उठतो का रे?" असे मला विचारले. हाही केबलचा दोष आहे का?

तारयंत्र

नाही. पिक्चर ट्यूब आलेली ओळ आली तशी रंगवते. एलसीडी मात्र एकआड एक ओळींची दोन फील्ड गोळा करून पूर्ण चित्र जुळवते आणि मग आपल्या पडद्याच्या मापात बसवते. त्यात एक चित्र थांबले तरी ४० मिलिसेकंद जातात, आणि बरेच टीव्ही एकाहून अधिक चित्रे थांबवतात. टीव्हीच्या मेनूत "गेम मोड" असल्यास तो लावून पाहावा, विलंब कमी होतो.

पंचवटीकर (धागाकर्ता)

गेम मोड लावला. आजींचे समाधान झाले आहे, मात्र देवळातल्या टीव्हीवर ती अक्षरे उमटताना पाहून विश्वस्तांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

आता नवे संकट. डबीला आठ आउटपुट आहेत हे आळीत कळले आहे. देवळाला लागून असलेल्या वाड्यातले एक आजोबा अंथरुणाला खिळलेले आहेत, आणि त्यांच्या मुलाने पाचवी केबल त्यांच्या खोलीत नेण्याची विनंती केली आहे. केबल त्यांनी आधीच आणून ठेवली आहे; दुकानदाराने "डिशची, एकदम भारी" म्हणून दिली.

जुना केबलवाला

अंतर किती मीटर आहे ते कळवावे, त्यांचे मीटर वेगळे आहे का ते फिटरसाहेबांना सांगावे, आणि वाड्यात जाताना खिशात चुंबक ठेवावा.